बोटाएवढी पेटी : तिचीं रूपें, तिचे गुण आणि तिच्या मर्यादा

जुन्या घरांतून कागदपत्र जपण्याची एक ठराविक रीत असे. जमिनीचे दस्तऐवज, खतें, जन्मपत्रिका आणि वडीलधाऱ्या माणसांचीं पत्रें एका रुमालांत बांधून तो रुमाल फडताळांत अथवा पेटाऱ्यांत ठेवीत, आणि वर्षांतून एखादे वेळीं त्यास ऊन दाखवून पुन्हा बांधून ठेवीत. पुण्याच्या पेशवे दफ्तरांतील असंख्य कागद असेच रुमालांत बांधलेले होते. आणि इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनीं गांवोगांव हिंडून मराठ्यांच्या इतिहासाचीं जीं साधनें जमविलीं, त्यांतील पुष्कळशीं अशाच घरगुती दप्तरांतून निघालीं. आज त्या रुमालाची जागा बोटाच्या पेराएवढ्या एका वस्तूनें घेतली आहे. नातवाच्या मुंजीचीं छायाचित्रें, घराच्या खरेदीखताची प्रत, आजींनीं म्हटलेल्या ओव्यांचें ध्वनिमुद्रण, मुलाच्या परदेशच्या प्रवेशाचे कागद हें सर्व 'पेन-ड्राइव्ह' नांवाच्या इवल्याशा पेटींत शिरतें, आणि ती पेटी कोणाच्या किल्ल्यांच्या जुडग्यांत, कोणाच्या खिशांत, तर कोणाच्या टेबलाच्या खणांत पडलेली असते.

ही वस्तु विकत घेतांना आपण बहुधा दोनच गोष्टी पाहतों : किती गिगाबाइट आणि किती रुपये. रंग मनाजोगता मिळाला तर आनंदच. परंतु एकत्र कुटुंबांत जिच्यावर चार पिढ्यांच्या आठवणींचा भार टाकावयाचा, ती वस्तु आंतून कशी आहे, तिच्या निरनिराळ्या घडणींत भेद कोणता, आणि मुख्य म्हणजे तिच्यावर विश्वास किती टाकावा, याचा विचार सोनें घेतांना करतों त्याच्या शतांशानेंही आपण करीत नाहीं. तो येथें करावयाचा आहे.

उगम

पेन-ड्राइव्हाचें जें चपटें तोंड आपण संगणकांत खुपसतों, त्या जोडणीस 'यूएसबी' म्हणतात. तिचें पहिलें प्रमाणपत्रक १९९६ सालीं प्रसिद्ध झालें. त्यापूर्वीं संगणकास छपाईयंत्र जोडावयाचें तें एका तऱ्हेच्या भोकांत, कळफलक दुसऱ्या तऱ्हेच्या, आणि माउस तिसऱ्याच तऱ्हेच्या. कोणती तार कोठें बसते हें माहीत असणें हीच एक विद्या होती. हा गोंधळ मिटविणाऱ्या इंटेल कंपनीच्या मंडळींत अजय भट्ट हे प्रमुख होते. आणि त्यांचें शिक्षण सयाजीराव महाराजांचें नांव धारण करणाऱ्या बडोद्याच्या विद्यापीठांत झालें, हें आमच्या वाचकांस ऐकून बरें वाटेल.

पेटीच्या आंतील स्मृतीचा शोध मात्र जपानांतला. तोशिबा कंपनींतील फुजिओ मासुओका यांनीं १९८४ सालीं 'फ्लॅश' स्मृतीची कल्पना शास्त्रज्ञांपुढें मांडली, आणि आज पेन-ड्राइव्हांत वापरला जाणारा 'नँड' हा तिचा प्रकार १९८७ सालीं पुढें आला. लिहिलेला मजकूर कॅमेऱ्याच्या लखलखाटाप्रमाणें एका क्षणांत पुसला जातो, म्हणून हें नांव पडलें.

या दोन शोधांची गांठ घालून पेन-ड्राइव्ह प्रथम कोणीं केला, याविषयीं वाद आहे. इस्रायलच्या एम-सिस्टिम्स कंपनीनें एप्रिल १९९९ मध्यें अमेरिकेंत एकस्वासाठीं अर्ज केला. सिंगापूरच्या ट्रेक कंपनीनें २००० सालीं 'थंब-ड्राइव्ह', म्हणजे अंगठ्याएवढी पेटी, या नांवानें आपला माल बाजारांत आणला. चीनच्या नेटॅक कंपनीनेंही आपला हक्क सांगितला. त्याच २००० सालच्या अखेरीस आयबीएम कंपनीनें एम-सिस्टिम्सनें बनविलेली पेटी अमेरिकेंत विकावयास काढली. तिच्यांत अवघे ८ मेगाबाइट मावत. पण त्या काळीं घरोघरीं असलेल्या चौकोनी फ्लॉपींत १.४४ मेगाबाइटच मावत असत. तेव्हां पांचांहून अधिक फ्लॉपींचें काम ती एकटी करी, आणि शिवाय धूळ व लोहचुंबक यांस भीत नसे. पुढें २०१७ सालीं किंग्स्टन कंपनीनें २ टेराबाइटांचा, म्हणजे त्या पहिल्या पेटीच्या सुमारें अडीच लाख पट धारणेचा, पेन-ड्राइव्ह जाहीर केला. सतरा वर्षांतील ही मजल विलक्षणच म्हटली पाहिजे.

अंतरंग

पेन-ड्राइव्ह उघडून पाहिला तर आंत एक हिरवट पट्टी, तिच्यावर दोन काळ्या चिप आणि थोडा फुटकळ संसार एवढेंच दिसतें. मोठी चिप ही कोठी; लहान चिप हा कोठीचा कारभारी. कोणता मजकूर कोठें ठेवावयाचा, कोणता कप्पा झिजला आहे, कोणता अजून कोरा आहे, याचा हिशेब हा कारभारी ठेवतो आणि सर्व कप्प्यांवर सारखें काम वांटून देतो. कारभारी बिघडला तर कोठी धान्यानें भरलेली असूनही घर उपाशी राहतें; पुष्कळदां 'पेन-ड्राइव्ह मेला' म्हणतात तो असा.

कोठींतील प्रत्येक कप्पा म्हणजे निरोधक आवरणानें वेढलेली एक अतिसूक्ष्म कोठडी होय. तींत इलेक्ट्रॉन कोंडले म्हणजे एक अर्थ, रिकामी ठेवली म्हणजे दुसरा. वीज बंद केली तरी कोंडलेले इलेक्ट्रॉन आंतच राहतात, म्हणून मजकूर टिकतो. पूर्वींच्या चिपांत एका कोठडींत एकच अंक लिहीत. स्वस्ताई व्हावी म्हणून पुढें दोन, मग तीन आणि आतां चार अंक एकाच कोठडींत लिहूं लागले. याचा अर्थ असा : एखाद्या गडव्यांत पाणी आहे कीं नाहीं एवढेंच सांगावयाचें असेल, तर थोडें पाणी उडून गेलें तरी उत्तर चुकत नाहीं. परंतु त्याच गडव्याच्या आंत सोळा रेघा आंखल्या आणि पाणी नेमक्या कितव्या रेघेवर आहे हें विचारलें, तर दोन थेंब कमी झाले तरी घोटाळा होतो. चार अंकांच्या कोठडींत अशा सोळा पायऱ्या ओळखाव्या लागतात.

म्हणूनच एक अंकाची कोठडी सुमारें एक लाख वेळां पुसून लिहितां येते, तर तीन अंकांची साधारणतः एक ते तीन हजार वेळांच. घरगुती कामास हाही आंकडा थोडा नव्हे. रोज एकदां सगळी पेटी पुसून भरली तरी तीन वर्षें निघतील. खरी काळजी झिजेची नाहीं, तर गळतीची आहे. वापरल्याविना पडून असलेल्या पेटींतील विद्युत्भार वर्षानुवर्षें हळूहळू झिरपत असतो. उष्णतेंत हें झिरपणें वाढतें, आणि फार वापरून झिजलेल्या पेटींत तें अधिकच होतें. हा मुद्दा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. लेखाच्या अखेरीस त्याच्याकडे पुन्हा यावयाचें आहे.

बाह्य रूपें

आतां बाहेरची घडण पाहूं. दुकानांत शेंकडों तऱ्हा दिसल्या तरी त्यांचे मुख्य प्रकार पांच-सहाच आहेत, आणि प्रत्येकाचा गुण व दोष अगदीं त्याच्या घडणींतूनच निघतो.

पहिला प्रकार टोपणाचा. फाउंटन-पेनाप्रमाणें याला वेगळें टोपण असतें, आणि 'पेन-ड्राइव्ह' हें नांव शोभतें तें यालाच. टोपण घट्ट बसलेलें असेपर्यंत धूळ व दमट हवा यांपासून याच्याइतकें संरक्षण दुसऱ्या कोणत्याही घडणींत मिळत नाहीं. परंतु टोपणाचा स्वभाव हरवण्याचा. ज्या घरांत तीन-चार मुलें आहेत, तेथें टोपणाचें आयुष्य महिनाभर धरावें.

दुसरा प्रकार सरकत्या तोंडाचा. खटका पुढें सारला म्हणजे तोंड बाहेर येतें, मागें ओढला म्हणजे आंत जातें. हरवण्यासारखें कांहीं नाहीं, ही सोय. परंतु पुढील भोंक उघडेंच असल्यामुळें खिशांतील कापसाचे तंतू आंत शिरतात, आणि खटका सैल झाला म्हणजे पेटी संगणकांत खुपसतांना तोंड उलट आंत पळतें.

तिसरा प्रकार फिरत्या पट्टीचा. धातूची एक वांकविलेली पट्टी खिळीभोंवतीं फिरते आणि तोंडावर येऊन बसते. संस्थांच्या समारंभांत नांव कोरून भेट देतात ते पेन-ड्राइव्ह बहुधा याच घडणीचे. दिसावयास देखणा, पण पट्टी तोंडास दोन बाजूंनींच झांकते, आणि खिळी ढिली झाली कीं ती आपोआप फिरूं लागते.

चौथा प्रकार अखंड घडणीचा. यास टोपण नाहीं, खटका नाहीं, खिळी नाहीं. हलणारा भागच नसल्यामुळें मोडण्यासारखें थोडें. सँडिस्कचा काळ्या-तांबड्या रंगाचा प्लॅस्टिकचा 'क्रूझर ब्लेड' हा आपल्याकडे घरोघरीं पोंचलेला नमुना याच जातीचा. किंग्स्टनचा 'डेटा-ट्रॅव्हलर एसई-९' हा मोठ्या कडीचा धातूचा नमुनाही त्याच जातींतला. धातूचें अंग दाब व आपट सोसतें आणि आंतील उष्णता बाहेर टाकतें. मात्र कडी आहे म्हणून दहा किल्ल्यांचा जुडगा अडकवून तो तसाच संगणकास लावूं नये. जुडग्याचें ओझें तरफेसारखें काम करतें आणि संगणकाचें भोंक व पेटीचें तोंड या दोहोंसही इजा करतें.

पांचवा प्रकार वामनमूर्तीचा. सँडिस्कचा 'अल्ट्रा फिट' हा त्याचा प्रसिद्ध नमुना. तोंड आंत गेल्यावर बाहेर नखाएवढेंच टोंक उरतें, म्हणून मोटारींत गाणीं ऐकण्यास किंवा दूरदर्शन-संचास कायम लावून ठेवण्यास हा फार सोयीचा. याचे दोष दोन. लहान अंगांतून उष्णता बाहेर पडण्यास वाव थोडा, म्हणून मोठें काम करतांना हा चटकन तापतो. दुसरा दोष अधिक महत्त्वाचा आहे. अशा बहुतेक लहान पेट्यांत कोठी व कारभारी हे दोन वेगळे नसून सर्व एकाच ठोकळ्यांत ओतलेलें असतें. साध्या पेटीचें तोंड मोडलें अथवा कारभारी बिघडला, तर जाणता कारागीर कोठीची चिप सोडवून आंतील मजकूर पुष्कळदां परत मिळवूं शकतो. या ओतीव ठोकळ्यांतून तो मिळविणें फार कष्टाचें व खर्चाचें होतें. म्हणजे जी वस्तु हरवण्यास सर्वांत सोपी, तीच दुरुस्तीसही सर्वांत अवघड!

सहावा प्रकार दुतोंड्याचा. याच्या एका टोंकास नेहमींचें रुंद तोंड, तर दुसऱ्या टोंकास २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'टाइप-सी' जोडणीचें अंडाकृति तोंड असतें. हातांतील फोनमधून छायाचित्रें थेट पेटींत उतरवावयाचीं व तीच पेटी संगणकास लावावयाची, असें काम एकाच वस्तूंत होतें. टाइप-सी तोंडास उलटें-सुलटें नाहीं. शिवाय त्याच्या प्रमाणपत्रकांत दहा हजार वेळां घालण्या-काढण्याची अपेक्षा धरली आहे, तर रुंद तोंडाची दीड हजारच. ज्या घरांत वडीलधारी मंडळी फोनच वापरतात, संगणकाच्या वाटेस जात नाहींत, त्या घरांत आमच्या मतें हाच प्रकार सर्वांत उपयोगी.

वेग

डबीवर मोठ्या अक्षरांत जो वेग छापलेला असतो, तो बहुधा वाचनाचा असतो, लेखनाचा नव्हे. पेटींतून मजकूर काढणें सोपें, पेटींत भरणें मात्र सावकाशीचें काम आहे. जुन्या, म्हणजे २००० सालच्या 'यूएसबी २.०' जोडणीचा कमाल वेग सेकंदास ४८० मेगाबिट. २००८ सालच्या '३.०' जोडणीचा ५ गिगाबिट, म्हणजे दसपटीहून अधिक. पुढें याच '३.०' चीं नांवें बदलून '३.१ जेन १' आणि '३.२ जेन १' अशीं केलीं, त्यामुळें तिन्ही नांवें पाहून गोंधळूं नये; वस्तु एकच. ओळखण्याची खूण अशी कीं, जुन्या तोंडांत चार पितळी पट्ट्या दिसतात, नव्यांत त्यांच्यामागें आणखी पांच. शिवाय नव्याची जीभ पुष्कळदां निळी असते, जरी प्रत्येक कारखानदार हा रंग पाळतोच असें नाहीं.

परंतु रस्ता रुंद झाला म्हणून बैल धांवूं लागत नाहींत. आंतील चिप मंद असेल तर नव्या जोडणीचा लाभ थोडाच. हिशेब करून पाहा : ३२ गिगाबाइट छायाचित्रें सेकंदास १० मेगाबाइटांच्या वेगानें भरावयाचीं तर सुमारें त्रेपन्न मिनिटें लागतील, १०० मेगाबाइटांच्या वेगानें साडेपांच मिनिटांच्या आंत काम आटोपेल. शाळेचा निबंध छापण्यास नेणाऱ्या मुलास हा भेद जाणवणार नाहीं. लग्नाचें संपूर्ण चलच्चित्र चार नातेवाइकांस वांटणाऱ्यास तो चांगलाच जाणवेल.

माप आणि मापांतील खोट

६४ गिगाबाइटांची पेटी विंडोजच्या संगणकास लावली तर तो ५९.६ च दाखवितो, आणि दुकानदारानें फसविलें असें कित्येकांस वाटतें. येथें फसवणूक नाहीं. कारखानदार गिगाबाइट म्हणजे शंभर कोटी बाइट धरतो. तो संगणक १०२४ च्या पटीनें मोजतो, म्हणून त्याचा गिगाबाइट थोडा मोठा. पक्क्या व कच्च्या शेराचा घोळ आपल्या आजोबांनीं पाहिला होता, त्यांतलाच हा प्रकार.

खरी फसवणूक निराळीच आहे. कोणी ८ गिगाबाइटांच्या कोठीच्या कारभाऱ्यास खोटें बोलावयास शिकवितो, आणि पेटी संगणकास सांगते, 'माझ्यांत २ टेराबाइट मावतात.' पहिले ८ गिगाबाइट नीट लिहिले जातात. त्यापुढील मजकूर एक तर जुन्यावरच चढतो किंवा हवेंत जातो. आणि फाइलींचीं नांवें मात्र यादींत जशींच्या तशीं दिसत राहतात. महिन्यांनीं उघडावयास जावें, तों आंत कांहीं नाहीं. म्हणून अवाच्या सवा धारणा कवडीमोलानें मिळूं लागली कीं सावध व्हावें. नवी पेटी आणल्यावर 'एच-२-टेस्ट-डब्ल्यू' अथवा 'एफ-३' या फुकट मिळणाऱ्या साधनांनीं ती एकदां काठोकाठ भरून, पुन्हा वाचून, तपासून घ्यावी. सोनें कसोटीवर घासतों, तसेंच हें.

आंतील मांडणी आणि आपली लिपी

पेटींत फाइली ठेवण्याची मांडणीही तीन प्रकारची असते. 'फॅट-३२' ही जुनी मांडणी दूरदर्शन-संच, मोटारींतील गाण्याचें यंत्र, छपाईयंत्र असे बहुतेक सर्व जण ओळखतात. परंतु तिच्यांत एक फाइल ४ गिगाबाइटांहून मोठी चालत नाहीं, त्यामुळें लांबलचक चलच्चित्र भरतांना अडचण येते. 'एक्सफॅट' मध्यें ही अट नाहीं, आणि विंडोज व मॅक दोन्ही तऱ्हेच्या संगणकांवर ती लिहितां-वाचतां येते. 'एनटीएफएस' ही विंडोजची घरची मांडणी; मॅकवर ती वाचतां येते, पण निराळें साधन बसविल्याविना लिहितां येत नाहीं. घरांतल्या मिश्र कारभारास एक्सफॅट सोयीची.

मराठी लिहिणाऱ्यांस आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. युनिकोड सार्वत्रिक होण्यापूर्वीं आपल्याकडील पुष्कळ लेखन पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक कंपनीच्या 'श्रीलिपि' सारख्या साधनांनीं, त्या त्या टंकांत झालेलें आहे. आजोबांनीं टंकलिखित करविलेलें कुलवृत्तान्त असें लेखन असेल आणि तें पेटींत घालून दुसऱ्या घरीं पाठविलें, तर तेथें तो टंक नसल्यास पडद्यावर देवनागरीऐवजीं निरर्थक रोमी चिन्हांची रांग उमटते. पेटी शाबूत, फाइल शाबूत, तरी मजकूर मात्र परका! अशा लेखनाची पीडीएफ प्रत करून तीही सोबत ठेवावी. आणि शक्य असल्यास सर्व लेखन युनिकोडमध्यें उतरवून घ्यावें.

कुलूप आणि संसर्ग

पेन-ड्राइव्ह हरवणें हा त्याचा स्वभावधर्मच होय. आंत ओव्या असतील तर सांपडणाऱ्याचा फायदाच होईल. परंतु बँकेचे आंकडे व आधारपत्राच्या प्रती असतील तर प्रश्न गंभीर आहे. कुलपाचे मार्ग दोन. पहिला संगणकाच्या साहाय्यानें. विंडोजच्या कांहीं आवृत्तींत २००९ पासून 'बिटलॉकर टू गो' ही सोय आहे. दुसरा मार्ग पेटींतच कुलूप असण्याचा. किंग्स्टनच्या 'आयर्न-की' मालिकेंतील एका पेटीवर चक्क अंकांचीं बटनें आहेत. अंक जुळल्याविना ती उघडत नाहीं, आणि दहा वेळां चुकले तर आंतील किल्लीच नष्ट करून टाकते. चोरास ही शिक्षा योग्यच. पण विसराळू गृहस्थासही तीच शिक्षा होते, हें विसरूं नये.

याच्या उलट बाजूस संसर्गाचें भय आहे. झेरॉक्सच्या दुकानांत दिवसभर शंभर पेट्या एकाच संगणकास लागतात. तेथून एकीचा रोग दुसरीस जडतो. २०१० सालीं उघडकीस आलेला 'स्टक्सनेट' नांवाचा उपद्रवी कार्यक्रम इंटरनेटपासून अलग ठेवलेल्या यंत्रांपर्यंत पोंचूं शकला, तो पेन-ड्राइव्हांच्या पाठीवर बसून. अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठाच्या आवारांत संशोधकांनीं २९७ पेट्या मुद्दाम ठिकठिकाणीं टाकून ठेवल्या होत्या. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगांत सुमारें ४५ टक्के पेट्यांतील फाइली लोकांनीं उघडून पाहिल्याचें आढळलें. विद्यापीठांतील शिकलेल्या लोकांची ही गत! तेव्हां रस्त्यांत सांपडलेली पेटी घरच्या संगणकास लावूं नये, आणि छपाईसाठीं नेण्याची पेटी निराळी ठेवून तींत त्या दिवसाच्या कागदापलीकडे कांहीं ठेवूं नये. मजकूर उतरत असतां पेटी ओढून काढूं नये, हें तर सांगावयासच नको.

पालखी कीं देव्हारा ?

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. एवढ्या सर्व घडणींत घरचा ठेवा सांभाळण्यास उत्तम कोणती? आमचें उत्तर कित्येकांस निराश करील. पण तें स्पष्ट सांगितलें पाहिजे. एकटी पेटी म्हणून कोणतीही नव्हे. पेन-ड्राइव्ह ही पालखी आहे, देव्हारा नव्हे. एका जागेहून दुसऱ्या जागीं मजकूर मिरवीत नेणें हें तिचें काम, आणि तें ती उत्कृष्ट करते. परंतु तिच्यांतच कायमचें दैवत बसविणें धोक्याचें आहे. कारण वर सांगितलेली गळती तिच्या पोटांत अहोरात्र चालूच असते.

कागदाचा एक मोठा गुण असा कीं, तो आपलें दुखणें दाखवितो. कसर लागते, कडा पिवळ्या पडतात, घडीवर चीर जाते. पाहणारा सावध होतो, आणि अर्धा कागद वाळवीनें खाल्ला तरी उरलेला अर्धा वाचतां येतो. पेन-ड्राइव्ह दुखणें दाखवीत नाहीं. काल उघडलेली पेटी आज उघडत नाहीं, आणि आंतील हजार छायाचित्रांपैकीं एकाचीही कडा हातीं लागत नाहीं. राजवाड्यांसारखा संशोधक शंभर वर्षांनीं आपल्या माळ्यावर चढला, तर मोडी कागदाचा रुमाल त्याच्याशीं बोलेल. एखादा पेन-ड्राइव्ह बोलेलच असें कोणीही सांगूं शकणार नाहीं.

याहून नाजूक गोष्ट आणखी एक आहे. एकत्र कुटुंबांत हा सर्व कारभार बहुधा घरांतील एखाद्या हुशार तरुणाच्या हातीं असतो. कोणत्या पेटींत काय आहे हें त्यालाच ठाऊक, कुलपाचे अंकही त्यालाच ठाऊक. तो नोकरीनिमित्त परगांवीं गेला, कीं घरांत चार पेट्या राहतात, आणि त्यांपैकीं आजींचा आवाज कोणत्या पेटींत आहे हें कोणासही सांगतां येत नाहीं. रुमालाची गांठ घरांतील कोणीही सोडूं शकत असे. ही गांठ एकालाच सुटते. ठेवा सर्वांचा, पण किल्ली एकाची, अशी व्यवस्था कोणत्याही घरास शोभत नाहीं.

म्हणून चार साधे नियम सुचवावेसे वाटतात. महत्त्वाच्या प्रत्येक वस्तूच्या निदान तीन प्रती असाव्या : एक संगणकांत, एक पेन-ड्राइव्हाहून निराळ्या साधनांत, उदाहरणार्थ बाहेरून जोडावयाच्या मोठ्या हार्ड डिस्कमध्यें, आणि एक घराबाहेर, दुसऱ्या गांवच्या भावाकडे अथवा मुलीच्या सासरीं. दुसरें, प्रत्येक पेटीस क्रमांक द्यावा आणि साध्या वहींत, शाईनें, तिच्यांत काय आहे व तें केव्हां भरलें हें लिहून ठेवावें. ती वही घरांतील दप्तराबरोबरच राहावी. तिसरें, कुलपाचे अंक निदान दोघांस ठाऊक असावे, आणि त्या दोघांत एक घरांतील स्त्री असावी; कारण घरांतील वस्तु कोठें आहे हें अखेर तिलाच विचारलें जातें. चौथें, दिवाळीपूर्वींच्या झाडलोटींत जसें जुन्या कागदांस ऊन दाखवीत, तसा दरवर्षीं एक दिवस या पेट्यांसाठीं राखावा. नुसती जोडून पाहिली म्हणजे भागलें असें नाहीं. आंतील मजकूर उतरवून घेऊन पुन्हा नव्यानें लिहावा, म्हणजे झिरपलेला भार भरून निघतो. पेटी तापलेल्या मोटारींत अथवा चुलीजवळच्या फळीवर मात्र ठेवूं नये. तिला ऊन वर्ज्य!

आणि घडणीविषयीं विचाराल, तर मुलास छपाईसाठीं स्वस्त अखंड घडणीची, मोटारीस वामनमूर्ति, फोनवाल्या आजोबांस दुतोंडी, आणि कामाच्या गुप्त कागदांस कुलपाची, अशी योजना करावी. सर्व कामांस एकच पेटी वापरणें म्हणजे एकाच भांड्यांत दूध तापविणें, कणीक भिजविणें आणि देवाचें तीर्थ ठेवणें होय. ज्या घरीं भांड्यांचा हा विवेक पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला, त्या घरास तो या बोटाएवढ्या पेटीविषयीं शिकणें मुळींच अवघड नाहीं.